ताप गेला, मानेतली गाठ राहिली: लिम्फ ‘मोकळं’ करायला मसाज घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साडेतीन आठवड्यांपूर्वी घसा धरला, चार-पाच दिवस ताप आला आणि गेला. पण जबड्याखाली एक गाठ अजून हाताला लागते, अंगात त्राण आल्यासारखं वाटत नाही, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की ‘लिम्फ तुंबलंय, ते मोकळं झाल्याशिवाय बरं वाटणार नाही’. तुमच्या मावशींचा हात स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजला होता आणि त्यांना लिम्फॅटिक ड्रेनेज मसाजने चांगला उतार पडला होता. मग तोच मसाज तुम्हीही घ्यावा का? दरम्यान एक व्हिडिओ बघून तुम्ही रोज दोन वेळा मान चोळायला सुरुवातही केली आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण लिम्फिडीमाचे, म्हणजे लिम्फ साचून हात किंवा पाय सुजलेले असतात. तुम्ही विचारताय तो मसाज हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे तो विकण्यातच खरं तर माझा फायदा. तरी सांगते: तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तुम्हाला त्याची गरज दिसत नाही, आणि मान चोळणं आजपासून बंद करा.

तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात विचारले आहेत. आजारातून उठताना लिम्फला बाहेरून मदत लागते का, हा एक. ही गाठ काळजी करण्यासारखी आहे का, हा दुसरा. मसाजच्या नादात दुसरा मागे पडला, आणि महत्त्वाचा तोच आहे. पण पहिल्याचं उत्तर कळलं की दुसरा सोपा होतो, म्हणून तिथून सुरू करते.

बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी सतत बाहेर पेशींभोवती झिरपत असतं, आणि त्याबरोबर थोडी प्रथिनंही निसटतात. ही प्रथिनं आल्या वाटेने रक्तात परत शिरू शकत नाहीत. त्यांना आणि मागे उरलेल्या पाण्याला परत नेणारा वेगळा रस्ता म्हणजे लसीकावाहिन्या, आणि त्यातून वाहणारा द्रव म्हणजे लिम्फ. आतड्यातून शोषलेली चरबीसुद्धा आधी याच रस्त्याने जाते. वाटेत शेकडो गाठी, म्हणजे लसीकाग्रंथी लागतात. शेवटी छातीतल्या मोठ्या वाहिनीतून दिवसाला साधारण दोन ते चार लिटर लिम्फ डाव्या कॉलरबोनमागे मोठ्या शिरेत जाऊन पडतं. उजवा हात आणि डोकं-छातीची उजवी बाजू यांचं लिम्फ तेवढं उजव्या बाजूला उतरतं.

आता ‘लिम्फ तुंबलंय, विषारी द्रव्यं बाहेर काढायला हवीत’ या बोलण्याकडे बघा. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गटार असतं: बोळा अडकला, काढला, घाण वाहून गेली. पण लिम्फला शरीराबाहेर जायला तोंडच नाही. ते रक्तातून आलं आणि रक्तातच परत जातं. रक्तातलं नको ते बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना मान चोळल्याचा पत्ताही लागत नाही. त्वचेवर जोरात घासून जे लाल-जांभळे डाग उठतात, त्यांना काही लोक ‘आतलं विष वर आलं’ म्हणतात. ते त्वचेखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचं रक्त असतं, दुसरं काही नाही.

लिम्फ पुढे ढकलायला हृदयाचा जोर लागत नाही. मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात, ते स्वतःच मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतात, आणि आत झडपा असल्यामुळे द्रव मागे येत नाही. शिवाय चालताना पोटरी-मांडीचे स्नायू वाहिन्यांना दाबतात, आणि श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होऊन लिम्फ वर ओढलं जातं. वाहिन्या शाबूत असतील तर ही व्यवस्था तापात, सर्दीत, झोपेतही चालूच राहते. अंथरुणाला खिळलं की तिचा वेग मंदावतो, पण उठून चार पावलं टाकली की पुन्हा वाढतो.

मग गाठ का राहिली? पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. दंडावर लस घेतल्यावर काखेत गाठ आलेलीही अनेकांनी पाहिली असेल. तुमच्या मानेत बहुधा तेच झालंय. घशात जंतू शिरले की तिथल्या काही पेशी त्यांचे तुकडे उचलतात आणि लिम्फच्या वाटेने जवळच्या ग्रंथीत नेतात. ग्रंथीत तऱ्हेतऱ्हेच्या पांढऱ्या पेशी येत-जात असतात, आणि त्यातल्या अगदी थोड्या हा विशिष्ट जंतू ओळखू शकतात. त्या नेमक्या पेशींची गाठ पडावी म्हणून ग्रंथी आत येणाऱ्या पेशींची वाट रुंद करते आणि बाहेर जाणाऱ्यांना काही काळ अडवून ठेवते. ओळख पटली की त्या पेशी भराभर वाढू लागतात. ग्रंथी फुगते, तिचं आवरण ताणलं जातं, आणि म्हणून ती दुखते. हे सगळं व्हायला काही दिवस लागतात, म्हणून गाठ बऱ्याचदा घसा दुखायला लागल्यानंतर नीट जाणवते. म्हणजे ज्याला तुम्ही अडथळा समजून चोळताय, तो तुम्ही बरे कसे झालात याचाच भाग आहे.

उतरायला मात्र वेळ लागतो. वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक मरून जाव्या लागतात, ताणलेली ग्रंथी आवळून यावी लागते. ताप चार दिवसांत जातो, गाठ तीन-चार आठवडे किंवा थोडी जास्तही रेंगाळते. काही जणांची एखादी गाठ पुढे कायमच बारीकशी हाताला लागत राहते आणि तिचा काहीही त्रास नसतो. तिला दिवसातून दहा वेळा चाचपणं आणि रगडणं याने ती लवकर जात नाही, उलट हुळहुळी होऊन दुखत राहते. दुसरं एक: मानेच्या बाजूला जिथे नाडी लागते, तिथे जोरात दाबलं तर काहींची नाडी मंदावते आणि चक्कर येते, विशेषतः वय झालेल्यांची. व्हिडिओत हे सांगत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न, गाठीचा. निदान करणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरच करतील. पण कुणाला लगेच डॉक्टरांकडे धाडायचं हे ओळखणं माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून मी काय बघते ते सांगते.

आधी ती लसीकाग्रंथीच आहे ना, याची खात्री. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळेची एकेक ग्रंथी असते आणि आजारपणानंतर लोक पहिल्यांदाच तिथे हात लावतात, म्हणून ती ‘नवी गाठ’ वाटते. दोन्ही बाजू सारख्या, मऊ आणि थोड्या ओबडधोबड लागल्या तर बहुधा तीच. तपासायचं कसं? हनुवटी किंचित खाली, मान त्याच बाजूला थोडी कललेली, म्हणजे वरचे स्नायू सैल पडतात. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. तीन बोटांच्या पेरांचा मऊ भाग ठेवून त्वचेसकट हलकं गोल फिरवायचं. गाठ बोटाखाली सरकते का, दाबल्यावर रबरासारखी दबते की दगडासारखी घट्ट आहे, दुखते का, एकच आहे की दोन-तीन एकमेकांना चिकटल्या आहेत, एवढं बघायचं. मग आकाराचा अंदाज लिहून ठेवायचा आणि आठवडाभर तिला हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा, बस.

ती कुठे आहे यावरही बरंच ठरतं, कारण प्रत्येक ग्रंथीकडे ठरावीक भागाचं लिम्फ येतं. जबड्याखाली असेल तर घसा, तोंड, दात. मी आधी दातांबद्दलच विचारते, कारण किडलेली दाढ हे कारण फार वेळा निघतं आणि फार वेळा विसरलं जातं. मानेच्या मागे असेल तर डोक्याची त्वचा, कोंडा, उवा, किंवा काही विषाणूंचे ताप. काखेत असेल तर हात, स्तन, नुकतीच घेतलेली लस. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात गाठ लागली तर मात्र ती केवढीही असो, मी वाट बघायला सांगत नाही. वर म्हटलं तसं पोटाचं आणि छातीचं लिम्फ तिथेच येऊन मिळतं, त्यामुळे आत खोलवर असलेल्या कर्करोगाची पहिली खूण कधीकधी तिथे दिसते.

याखेरीज पुढचं काहीही असेल तर आठवडे मोजत बसू नका: गाठ घट्ट आहे, जागेवरून हलत नाही, न दुखता वाढतेय, रात्री कपडे भिजतील इतका घाम येतो, कारण नसताना वजन उतरतंय, ताप परत परत येतो, गिळताना त्रास होतो किंवा आवाज बदलून तसाच राहिलाय. तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल, तंबाखू किंवा सिगारेट असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार वा औषधं चालू असतील, तर मी आणखी लवकर डॉक्टरांकडे धाडते. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तुमचं तुम्हीच ताडून बघा. मानेतल्या, एकमेकांना चिकटलेल्या, फारशा न दुखणाऱ्या गाठी टीबीच्याही असतात. जुने लोक ज्याला गंडमाळ म्हणत, ती बऱ्याचदा हीच. त्यात खोकला असेलच असं नाही, आणि नीट औषधं घेतली की ती बरी होते.

डॉक्टर काय करतील? बहुतेक वेळा घसा, दात, कान, बाकीच्या ग्रंथी आणि पोट हाताने तपासतील, रक्ताच्या साध्या तपासण्या करतील आणि गरज वाटली तर सोनोग्राफी. तरीही शंका राहिली तर सुईने नमुना घेतात, आणि लिम्फोमाची, म्हणजे लसीकासंस्थेच्याच कर्करोगाची, शंका असेल तर अख्खी ग्रंथी काढून तपासणं जास्त खात्रीचं. यात एक गोष्ट नक्की सांभाळा: निदान व्हायच्या आधी ‘सूज उतरायला’ म्हणून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. त्याने लिम्फोमाची गाठ काही काळ लहान होते आणि नमुन्यातून निदान होणं अवघड होऊन बसतं.

तुमचं नेमकं सांगायचं तर साडेतीन आठवडे हा सीमारेषेवरचा काळ आहे. गाठ आधीपेक्षा लहान झाली असेल आणि वरचं काहीच नसेल तर अजून दोन-तीन आठवडे थांबायला हरकत नाही. होती तेवढीच असेल, तर थकव्यासकट एकदा दाखवून या. घशाबरोबर असा रेंगाळणारा थकवा आणि मानेत बऱ्याच गाठी हे ग्लँड्युलर फीव्हरमध्ये दिसतं, विशेषतः तरुणांत. तो विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिकने जात नाही. उलट त्यात अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं. त्यात प्लीहाही वाढू शकते, तीही लसीकासंस्थेचाच अवयव. वाढलेली प्लीहा धक्क्याने फुटण्याचा धोका असतो, म्हणून पहिले तीन-चार आठवडे तरी धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजनं बंद ठेवतात. असा आजार असताना कुणी पोटाचा जोरदार ‘ड्रेनेज’ करून दिला तर काय, हा विचार माझ्या मनात येतोच.

इथवरचं एवढंच लक्षात ठेवा: तुमच्या वाहिन्या शाबूत आहेत, ग्रंथी बहुधा आपलं काम करून उतरते आहे, आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं आहे, हात ठेवायचा नाही.

मग मावशींना फायदा कसा झाला? त्यांचं दुखणंच वेगळं. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्या जातात, कधी वर रेडिएशनही देतात. त्यात लसीकावाहिन्या तुटतात किंवा आक्रसतात. हातात झिरपणारं पाणी आणि प्रथिनं पूर्वीइतकीच असतात, परतीचा रस्ता तेवढा अरुंद होतो. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीला पुढे हाताची सूज येते. एक-दोन पहिल्या ग्रंथीच तपासून थांबलं, तर हे प्रमाण साधारण वीसांत एक इतकं खाली येतं. फायलेरियात, म्हणजे हत्तीरोगात, जंत या वाहिन्यांतच राहून त्या निकामी करतात, तिथेही तत्त्व तेच. प्रथिनं साचून राहिली की हळूहळू त्वचेखालचा भाग घट्ट होतो, चरबी वाढते आणि मग सूज नुसत्या पाण्याची उरत नाही.

अशा हातावर मी काय करते ते ऐकलं तर मानेवरच्या चोळण्याशी त्याचा संबंध किती कमी आहे ते कळेल. आधी टेप घेऊन मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरवर दोन्ही हातांचा घेर मोजते. सुरुवात सुजलेल्या हातापासून करतच नाही. आधी मानेच्या बुडाशी, मग चांगल्या बाजूची काख, मग छातीवरून त्या बाजूला नेणारी वाट, मग दंड, आणि सगळ्यात शेवटी पंजा. पुढची वाट रिकामी नसेल तर मागून ढकललेलं जाणार कुठे? तेल लावत नाही, कारण हात त्वचेवरून घसरून चालत नाही. हाताने त्वचेला धरून ती जेमतेम ताणायची, सोडायची, पुन्हा ताणायची. सुरुवातीच्या लसीकावाहिन्या त्वचेला लागूनच असतात आणि इतक्या नाजूक असतात की जोरात दाबलं तर त्या मिटतात. त्वचा लाल झाली तर माझा दाब जास्त झाला. नवे रुग्ण हमखास म्हणतात, ‘तुम्ही काही करतच नाही आहात.’ आणि एवढं करूनही खरा टिकाव धरते ती पट्टी. मसाजनंतर बोटांपासून वरपर्यंत कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या बांधल्या नाहीत, तर काही तासांत हात पूर्वीसारखा होतो.

गंमत म्हणजे तुमच्या ओळखीच्यांची कल्पना अगदीच हवेतून आलेली नाही. हा मसाज रूढ केला तो १९३०च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने, आणि त्यांनी सुरुवात केली होती ती जुनाट सर्दीने मानेतल्या ग्रंथी सुजलेल्या लोकांवरच. १९३६ साली त्यांनी ही पद्धत पॅरिसमध्ये मांडली. पुढे ती रुजली मात्र लिम्फिडीमाच्या उपचारात. सर्दी-घशाच्या आजारातून माणूस याने लवकर उठतो, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. उलट अंगात ताप असताना, त्वचेला संसर्ग असताना, पायाच्या शिरेत गुठळी असताना किंवा हृदय कमजोर असताना आम्ही हा मसाज करायचं टाळतो.

तुम्हाला बळ येण्यासाठी काय, तर थकव्याचं कारण लिम्फ नाही. जंतूंशी लढताना शरीराने सोडलेली रसायनं, हुकलेली झोप, कमी झालेलं खाणं आणि झोपून राहिल्याने सैल पडलेले स्नायू, ही त्याची कारणं. दिवसभर पडून राहू नका. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चाला, दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. वाढवल्यावर दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर मागच्या पायरीवर या, रेटू नका. पोटातून सावकाश घेतलेले आठ-दहा श्वास दिवसातून काही वेळा घ्या. लिम्फ ओढण्यासाठी शरीर वापरतं ते तंत्र हेच आहे, आणि फुकट आहे. पाणी तहानेइतकं. लिटरच्या लिटर पाण्याने लिम्फ ‘पातळ’ होत नाही. अजून तीन-चार आठवडे असाच थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघून घ्या. आणि पुढेमागे दोन्ही पाय सारखे सुजायला लागले तर तेही लिम्फच्या माथी मारू नका. तिथे आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि ॲम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळ्या तपासायच्या असतात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मावशींचा विषय निघालाच आहे म्हणून. ‘त्या हाताने काही उचलू नका’ हा जुना सल्ला त्या अजून पाळत असतील तर त्यांना सांगा की २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत हात सुजलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलली, सूज वाढली नाही, ती उफाळण्याचं प्रमाण कमी झालं आणि ताकद वाढली. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, कारण त्याने पाणी जातं आणि प्रथिनं तिथेच राहतात. हातावर लाली, ऊब आणि ताप एकदम आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण संसर्गाच्या प्रत्येक झटक्यात उरलेल्या वाहिन्याही खराब होतात. आणि त्या हातावर घालतात ती स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी घट्ट बाही, कधीची आहे ते एकदा विचारा. रोज वापरलेल्या स्लीव्हचा ताण साधारण सहा महिन्यांत जातो, आणि दोन-दोन वर्षांची सैल स्लीव्ह घालून ‘आता फरक पडत नाही’ म्हणणारे माझ्याकडे बरेच येतात.